टायर लवकर झिजले की शर्यत रंगते, हे खरं आहे का?

पऱ्हाटीवाला (पांढरकवडा)

राम राम मंडळी.

फॉर्म्युला वनची युरोपातली शर्यत आपल्याकडे रविवारी सायंकाळी साडेसहाला लागते. आमच्या इथं आठ-दहा जण जमतात, लाइन गेली तर एका मोबाइलभोवती दाटीनं बसतात, आणि शर्यत संपली की भांडण सुरू. दोन गट पडले आहेत. एकाचं म्हणणं, टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीनं टायर मुद्दाम लवकर मरतील असेच बनवावेत, तेवढीच चुरस. दुसरा गट म्हणतो, ड्रायव्हर टायर जपत जपत गाडी हाकतात ही कसली शर्यत. शेवटपर्यंत टिकणारा टायर द्या आणि मग पाहू कोणात किती दम आहे.

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. टायर ‘गेला’ म्हणतात तेव्हा नेमकं काय जातं? कारण काढलेल्या टायरवर रबर तर चांगलं शिल्लक दिसतं. दुसरं, २०२५ मध्ये मोनॅकोला दोन पिट स्टॉप (टायर बदलायला थांबणं) सक्तीचे केले आणि शर्यतीचा नुसता खेळखंडोबा झाला. त्याच वर्षी कतारला एका टायरवर जास्तीत जास्त २५ लॅपची (फेऱ्यांची) मर्यादा होती, तिथं मात्र निकाल फिरला. सक्ती दोन्हीकडे, मग फरक कशानं पडला? आणि तिसरं, चुरस वाढवायची तर नियमात काय बदलायला हवं?

‘आमच्या काळी मजा होती’ एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू राजेहो. कारण सांगा.

रिमोल्डवाले काका (वरुड)

पऱ्हाटीवाले भाऊ, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, बाकीचं मास्तर येतीलच.

टायर चार तऱ्हेनं जाते. टीव्हीवर बोलणारे चारहीले एकच शब्द वापरतात, म्हून घोटाळा होते.

पहिली साधी झीज. वरचं रबर पातळ होत जाते. याच्यात फसवी गोष्ट अशी का पातळ रबर उष्णता धरून ठेवत नाही. टायर थंड पडते, अन् ग्रिप हळूहळू उतरायच्या ऐवजी एक-दोन लॅपमध्ये धपकन खाली येते.

दुसरं तापमान. हरेक कंपाउंडची (रबराच्या मिश्रणाची) तापमानाची एक पट्टी असते, त्या पट्टीतच रबर रस्त्याले धरते. गाडी घसरली की वरचा थर तापते, तापला की ग्रिप कमी, ग्रिप कमी की आणखी घसरण. हे एकदा सुरू झालं की रबर जागेवर असते पण काम करत नाही. काढलेल्या टायरवर तुमाले जे रबर दिसते, ते हे. याच्यातही पोटभेद हाय. फक्त वरचा थर तापला असन तं ड्रायव्हरनं एक-दोन लॅप समोरच्यापासून अंतर ठेवलं की टायर परत येते. पूर्ण जाडी आतपर्यंत तापली असन तं ते इतक्या लवकर थंड होत नाही, अन् मंग सगळी शर्यत ड्रायव्हर रेडिओवर रडत राहते.

तिसरं ग्रेनिंग. टायर पुरेसं तापलं नसते अन् त्याच्यावर आडवा जोर येते. वरचा थर फाटते, त्याचे बारके पापुद्रे निघतात अन् टायरलेच परत चिकटतात. मंग रस्त्याले रबर सपाट टेकतच नाही. हे बहुतेक पुढच्या टायरवर, थंडीत नाहीतं नवीन गुळगुळीत डांबरावर दिसते. लास वेगसची शर्यत नोव्हेंबरात रात्रीची असते, तिथं हे पाहून घ्या. पापुद्रे झिजून गेले तं लॅप टाइम आपोआप सुधरते, म्हून घाबरून लवकर पिटमध्ये बोलावणारी टीम इथं फसते.

चौथं ब्लिस्टरिंग. आतून जास्त तापून रबराले फोड येतात, फुटतात, गड्डे पडतात. हे परत येत नाही. २०२० मध्ये सिल्व्हरस्टोनले लागोपाठ दोन आठवडे शर्यती झाल्या. ट्रॅक तोच, गाड्या त्याच. दुसऱ्या आठवड्यात पिरेलीनं तिन्ही कंपाउंड एकेक पायरी मऊ आणले अन् किमान दाब वाढवला. पहिल्या आठवड्यात पुढं पुढं पळणाऱ्या मर्सिडीजच्या टायरले दुसऱ्या आठवड्यात फोड आले, अन् हार्ड टायरवर सुरुवात केलेला व्हर्स्टापेन जिंकला. नुसत्या टायरनं निकाल कसा फिरते याचं याच्याहून स्वच्छ उदाहरण मले माहीत नाही.

आता मजेकडं या. मागून जवळ गेलेल्या गाडीले समोरच्या गाडीनं घुसळलेली हवा भेटते. डाउनफोर्स (हवेनं गाडी रस्त्याले दाबायचा जोर) कमी होते, गाडी घसरते, घसरली की वरचा थर तापते. म्हंजे तापून मरणारं टायर पाठलाग करणाऱ्यालेच शिक्षा करते, पुढं पळणाऱ्याले नाही. एफ-वननं स्वतः दिलेले आकडे हायेत: २०२१ ची गाडी समोरच्याच्या मागं २० मीटरवर असली तं तिचा ३५ टक्के डाउनफोर्स जाये, १० मीटरवर ४६ टक्के. २०२२ च्या नियमांनी तेच ४ अन् १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. सुरुवातीले फरक दिसला. मंग टीमांनी चाकांच्या कडेनं हवा बाहेर फेकायचे रस्ते परत शोधले, अन् २०२५ पर्यंत तो फायदा बराच आटला.

म्हून तुमच्या पहिल्या गटाले सांगा, ‘लवकर मरणारं टायर’ येवढं म्हणून भागत नाही. झिजून मरणारं पायजे. तापून मरणारं दिलं तं कोणी कोणाच्या जवळच जाणार नाही.

दाबाचं राहिलं. पिरेली हरेक ट्रॅकसाठी सुरुवातीचा किमान दाब ठरवून देते, अन् चाक किती तिरपं बसवायचं त्याचीही हद्द. टीमले दाब कमीच पायजे असते, कारण तेवढं रबर रस्त्याले जास्त टेकते. पण कमी दाबात टायरची बाजूची भिंत जास्त वाकते, आत उष्णता साचते अन् टायर फाटते. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनले एकाच शर्यतीत हॅमिल्टन, मासा, व्हर्न अन् पेरेझचे टायर चिंध्या झाले. पिरेलीनं कारणं सांगितली: मागचे टायर डाव्याचे उजवीकडं लावणं, कमी दाब, जास्त तिरपेपणा, अन् उंच कर्बवरून (वळणाच्या काठच्या उंचवट्यावरून) गाडी घालणं. नंतर पोलादी पट्टा काढून केव्हलरचा पट्टा परत आणला. टायर मुद्दाम नाजूक करा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. नाजूक अन् धोकादायक याच्यात अंतर लय कमी हाय.

गणितमास्तर (रिसोड)

काकांचंच पुढे नेतो. चुरस टायर किती झिजतो यावर ठरत नाही. एकाच वेळी दोन गाड्यांच्या टायरमध्ये किती फरक आहे, यावर ठरते. कागद-पेन घ्या.

समजा ६० लॅपची शर्यत आहे आणि पिटमध्ये जाऊन येण्याचा एकूण तोटा २२ सेकंद. (गाडी उभी राहते दोन-अडीच सेकंदच. बाकीचा वेळ पिट लेनमधल्या ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत जातो.) टायर दर लॅपला ‘घ’ सेकंदानं मंदावतो असं धरा.

एक स्टॉप म्हणजे ३० लॅपचे दोन टप्पे. पहिल्या लॅपला तोटा शून्य, दुसऱ्याला घ, तिसऱ्याला २घ, असं करत तिसाव्याला २९घ. बेरीज ४३५घ, दोन टप्प्यांची ८७०घ. दोन स्टॉप म्हणजे २० लॅपचे तीन टप्पे. एका टप्प्याचे १९०घ, तिन्हींचे ५७०घ. फरक ३००घ. हा फरक २२ सेकंदांच्या वर गेला तरच दुसरा स्टॉप परवडतो. २२ भागिले ३००, म्हणजे ०.०७३.

टायर लॅपला ०.०५ नं मंदावत असेल तर दुसऱ्या स्टॉपनं १५ सेकंद वाचतात आणि २२ जातात, म्हणून सगळेच एक स्टॉप करतात. ०.१० नं मंदावत असेल तर ३० वाचतात, २२ जातात, म्हणून सगळेच दोन करतात. दोन्ही वेळा सगळ्यांचं उत्तर एकच येतं आणि गाड्या मालगाडीसारख्या एकामागं एक धावतात. खरी गंमत ०.०७ च्या आजूबाजूच्या अरुंद पट्टीत आहे. तिथं एक टीम एक स्टॉप धरते, दुसरी दोन, आणि शेवटच्या दहा लॅपमध्ये जुन्या टायरवाला पुढे नि ताज्या टायरवाला लॅपमागून लॅप जवळ येत असतो. २०१९ ची हंगेरी आठवा. मर्सिडीजनं हॅमिल्टनला दुसऱ्यांदा पिटमध्ये घेतलं, तो सुमारे २० सेकंद मागे पडला, आणि ७० पैकी ६७ व्या लॅपला व्हर्स्टापेनला मागे टाकून गेला.

आता तुमच्या दुसऱ्या गटासाठी. एकही स्टॉप नसेल तर ६० लॅपचा तोटा १७७०घ, म्हणजे एका स्टॉपपेक्षा ९००घ जास्त. २२ भागिले ९००, म्हणजे ०.०२४. टायर याहूनही कमी मंदावत असेल तर थांबायचं कारणच उरत नाही. २०१४ ला सोचीमध्ये रोझबर्गनं पहिल्याच लॅपला ब्रेक लॉक करून टायर खराब केले, लगेच बदलले, आणि उरलेले ५२ लॅप त्याच एका सेटवर काढून दुसरा आला. ती शर्यत कोणाला आवडली असेल तर मला भेटवा.

पहिल्या गटाच्या बाजूनं एवढं सांगतो की त्यांची मागणी नवी नाही. २०१० मध्ये कॅनडात ब्रिजस्टोनचे टायर अनपेक्षितपणे भराभर संपले आणि शर्यत रंगली. २०११ ला पिरेली आली तेव्हा तसंच काहीतरी करा म्हणून तिला सांगितलं गेलं. २०१२ च्या पहिल्या सात शर्यतींत सात वेगवेगळे विजेते झाले. टायरची तापमानाची पट्टी इतकी अरुंद होती की कोणाची गाडी कोणत्या रविवारी चालेल हे टीमलाच कळत नव्हतं. बघायला मजा आली. पण ती चुरस आणि सोडत यांच्या मधली गोष्ट होती, असं माझं मत.

नियमानं ती ०.०७ च्या आसपासची पट्टी बनवता येते का? कोरड्या शर्यतीत किमान दोन वेगळी कंपाउंड वापरावीच लागतात, हा जुना नियम आहे. २०१३ च्या भारतीय ग्रां प्रीला ग्रेटर नोएडात काय झालं पाहा. सॉफ्ट टायर तिथं टिकत नव्हता. व्हेटेलनं सॉफ्टवर सुरुवात केली, दुसऱ्याच लॅपअखेर तो काढून टाकला आणि शर्यत व चौथं विश्वविजेतेपद दोन्ही घेऊन गेला. नियम पाळला, सक्तीचा टायर दोन लॅपमध्ये उरकला. सक्तीचं असंच होतं, माणसं ती सर्वांत स्वस्तात कशी भागवायची ते शोधतात.

मोनॅकोचंही तेच. ट्रॅक ३.३३७ किलोमीटरचा, ७८ लॅप, पुढे जायला जागा नाही. २०२४ ला पहिल्याच लॅपला लाल झेंडा लागला, थांबलेल्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतले, आणि पहिले दहा जण ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं पोचले. म्हणून २०२५ ला तीन सेट वापरायची सक्ती आली, म्हणजे दोन स्टॉप. टीमनी गणित असं केलं: मागच्या गाडीपासून वीसेक सेकंदांचं अंतर असेल तर स्टॉप फुकटात पडतो. मग आपलीच दुसरी गाडी मागे ठेवा आणि तिला लॅपला दोन-तीन सेकंद हळू चालवा. रेसिंग बुल्सनं लॉसनला असं वापरलं, त्यानं मागची रांग अडवून धरली आणि हाजारला दोन्ही स्टॉप फुकटात मिळाले. हाजार सहावा, लॉसन आठवा. विल्यम्सनं आल्बन आणि साइन्झला आळीपाळीनं तेच करायला लावलं, दोघांना गुण मिळाले. हे पाहून वैतागलेला रसेल शिकेन (वेग कमी करायला घातलेलं नागमोडी वळण) कापून आल्बनच्या पुढे गेला आणि ड्राइव्ह-थ्रूचा (न थांबता पिट लेनमधून जायचा) दंड घेऊन बसला. जिथं मागच्याला पुढे जाता येत नाही तिथं हळू चालणं हेच हत्यार ठरतं. नियमानं स्टॉप वाढवले, त्या हत्याराला हात लावला नाही.

कतारला निकाल फिरला तो मर्यादेमुळे नाही. ५७ लॅप, एका सेटवर फार तर २५. सातव्या लॅपला सेफ्टी कार आली. ५७ वजा ७ म्हणजे ५०, म्हणजे बरोब्बर २५ आणि २५. सेफ्टी कारच्या मागे सगळे हळू चालतात म्हणून पिटचा तोटा साधारण निम्म्यावर येतो. जवळजवळ सगळे आत गेले, मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेर राहिल्या. व्हर्स्टापेन जिंकला, पियास्त्री दुसरा, नॉरिस चौथा. पण त्या सातव्या लॅपला थांबलेल्या प्रत्येकाला पुढचा स्टॉप ३२ व्या लॅपलाच घ्यावा लागणार होता. आधी घेतला तर शेवटचा टप्पा २५ च्या वर जातो, नंतर घेतला तर मधला. म्हणजे मर्यादेनं अख्ख्या रांगेला एकाच लॅपवर बांधून टाकलं. ज्यांनी वेगळं केलं ते चुकले म्हणून धक्का बसला. धक्कादायक निकाल आणि रंगलेली शर्यत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ती मर्यादा सुरक्षेसाठी होती, २०२३ ला तिथंच कर्बमुळे टायरच्या भिंतीला इजा होत होती म्हणून १८ लॅपची घातली होती, त्याबद्दल तक्रार नाही.

जुना प्रेक्षक (आर्वी)

मास्तर, गणित पटलं. पण तुम्ही फरक फक्त टायरमध्ये शोधताय. १९९४ ते २००९ शर्यतीत इंधन भरता येत होतं, तेव्हा फरक वजनाचा होता. २००४ ला फ्रान्समध्ये मानी-कूरला शूमाखर चार स्टॉप करून जिंकला. कमी इंधन, हलकी गाडी, प्रत्येक लॅप क्वालिफायिंगसारखा (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या सत्रासारखा). आज कोणी असं करेल का?

आणि ‘शेवटपर्यंत टिकणारा टायर’ हवा असणाऱ्यांनी २००५ पाहावं, तो प्रयोग झालेला आहे. क्वालिफायिंग आणि शर्यत मिळून एकच सेट, पंक्चर किंवा इजा झाल्याशिवाय बदलायचा नाही. नुर्बुर्गरिंगला रायकोनेनचा पुढचा उजवा टायर ब्रेक लॉक होऊन एका जागी घासला. चाक इतकं थरथरत होतं की स्क्रीनवर दिसत होतं. टीमनं थांबवलं नाही, शेवटच्या लॅपच्या पहिल्या वळणावर सस्पेन्शन तुटलं आणि अलोन्सो जिंकला. त्या शेवटच्या दहा लॅपमध्ये उठून पाणी प्यायला जाणं अवघड होतं. एकही ओव्हरटेक नसताना.

त्याच वर्षीचं इंडियानापोलिस ही दुसरी बाजू. तिथल्या तिरप्या १३ व्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकत नव्हते, सरावात राल्फ शूमाखर आपटला. नियम टायर बदलू देत नव्हता, ट्रॅकमध्ये शिकेन घालायला परवानगी मिळाली नाही, आणि मिशेलिनच्या सगळ्या गाड्या सुरुवातीआधीचा फॉर्मेशन लॅप करून पिटमध्ये गेल्या. ब्रिजस्टोनच्या सहा गाड्या धावल्या. आपला नरेन कार्तिकेयन जॉर्डनमधून चौथा आला, फॉर्म्युला वनमधले भारतीयाचे ते पहिले गुण. गुण ते गुण, पण ती शर्यत कोणी पुन्हा लावून बघत नाही.

गणितमास्तर (रिसोड)

नुर्बुर्गरिंगचं मान्य. इंधनाचं नाही. इंधन भरायच्या काळात मागच्याला समोरच्याच्या पुढे जायचं असेल तर तो रस्त्यावर प्रयत्नच करत नसे. समोरचा आधी थांबेल, मग आपण दोन-तीन लॅप हलक्या गाडीनं जोरात मारू आणि पिटमधून त्याच्या पुढे निघू, एवढीच वाट पाहायची. आपल्या शंकरपटात जोड्या घड्याळावर धावतात, दुसऱ्या जोडीला ओलांडायची गरज नसते, सेकंद कमी आले की जिंकलं. तिथं ते शोभतं, कारण खेळच तसा आहे. वीस-बावीस गाड्या एकाच रस्त्यावर सोडून तेच करायचं तर मग एकेकट्याच सोडा ना.

दुचाकीवाला (दर्यापूर)

मोटारसायकलींच्या मोटोजीपीचं एक जोडतो, कारण टायरचा नियम थेट शर्यतीत नाक खुपसतो याचं ते सर्वांत चांगलं उदाहरण आहे.

तिथं २०१६ पासून एकटी मिशेलिन आहे, २०२७ पासून पिरेली येणार. २०२४ पासून पुढच्या टायरचा किमान दाब १.८ बार. मुख्य शर्यतीत ६० टक्के लॅप, स्प्रिंटमध्ये (शनिवारच्या छोट्या शर्यतीत) ३० टक्के लॅप दाब त्याच्या वर असायलाच हवा, नाहीतर मुख्य शर्यतीत १६ सेकंदांचा आणि स्प्रिंटमध्ये ८ सेकंदांचा दंड. सेन्सर चाकातच असतो.

अडचण अशी की दाब तुम्ही कुठं चालता यावर बदलतो. मोकळ्या हवेत पुढे असलात तर पुढचा टायर थंड राहतो, दाब उतरतो. कोणाच्या मागे चिकटून असलात तर समोरच्या इंजिनाची गरम हवा लागते, दाब चढतो, आणि २ बारच्या पुढे गेला की पुढचं चाक ब्रेकला धरत नाही, वळणावर सरळ जातं. मेकॅनिकला शर्यतीआधीच अंदाज करावा लागतो की आपला रायडर पुढे राहील की मागे. पुढे राहील धरून जास्त दाब भरला आणि सुरुवात बिघडून तो गर्दीत अडकला, की ओव्हरटेक करायची हिंमतच उरत नाही.

२०२५ ला थायलंडमध्ये मार्क मार्केझ पुढे होता, दाब कमी पडतोय हे डॅशबोर्डवर दिसल्यावर त्यानं मुद्दाम हळू होऊन भाऊ अलेक्सला पुढे जाऊ दिलं. बरेच लॅप त्याच्या मागे राहून दाब चढवला, शेवटी पुन्हा पुढे जाऊन जिंकला. पाहणाऱ्याला वाटलं काय झुंज चालली आहे! झुंज हवेच्या दाबाशी होती. सुरक्षेसाठी किमान दाब हवाच, पण दंडाची रीत अशी की शर्यत संपल्यावर निकाल बदलू शकतो. प्रेक्षकाची याहून मोठी चेष्टा नाही.

पऱ्हाटीवाला (पांढरकवडा)

भरून पावलो. दोन गोष्टी राहिल्या. मास्तर, तो ‘घ’ शर्यत चालू असताना घरी बसून काढता येतो का? आणि २०२६ च्या नव्या नियमांनी यातलं काय बदललं?

गणितमास्तर (रिसोड)

येतो. लॅप टाइमचा तक्ता समोर हवा, अॅपवर मिळतो. रेंज नसेल तर स्क्रीनच्या कडेला दिसणारे वेळ वहीत लिहा, एकाच ड्रायव्हरचे. टायर बदलल्यानंतरचे पहिले दोन लॅप, पिटमध्ये जायचा लॅप, आणि पिवळा झेंडा किंवा रांगेत अडकलेले लॅप खोडून टाका. समोरच्या गाडीपासून दीड सेकंदाच्या आत असलेले लॅपही धरू नका, ते घुसळलेल्या हवेचे आकडे आहेत.

आता इंधन. १ किलो इंधनाला लॅपमागे ढोबळमानानं ०.०३ सेकंद धरतात. २०२५ पर्यंत शर्यतीला ११० किलोची मर्यादा होती, ६० लॅपला वाटलं तर लॅपला १.८ किलो, म्हणजे गाडी दर लॅपला आपोआप ०.०५५ नं जलद व्हायला हवी. म्हणून वेळ जसाच्या तसा येत असेल तर टायर लॅपला ०.०५५ नं मंदावतोय. वेळ दर लॅपला ०.०५ नं वाढत असेल तर खरा घ ०.१ च्या वर आहे. लोक इथंच चुकतात, वेळ सारखा दिसला की टायर ताजा आहे म्हणतात. लॅप फार लांब असेल, स्पासारखा, तर ०.०३ चा आकडा थोडा वाढवून घ्या.

अंडरकट (समोरच्याच्या आधी थांबून नव्या टायरच्या जोरावर त्याच्या पुढे निघणं) पाहायचा असेल तर समोरच्यापासूनचं अंतर आणि पिटमधून निघाल्यावर मोकळी जागा आहे का, हे दोन बघा. तुमच्या २२ सेकंद मागे एखादी हळू गाडी असेल तर नव्या टायरचा फायदा तिच्या मागेच जिरतो. थंड ट्रॅकवर हार्ड टायर तापायलाच दोन लॅप घेतो, तिथं आधी थांबणारा उलट मागे पडतो.

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: सक्ती काढा, पिटचा तोटा कमी करा. २०२५ ला झांडव्होर्टला पिट लेनची मर्यादा ६० वरून ८० केली ती याचसाठी. तोटा २२ वरून १८ वर आला की उंबरठा ०.०७३ वरून ०.०६ वर येतो आणि दुसरा स्टॉप जास्त जणांना परवडतो. आणि कंपाउंडमधली दरी वाढवा. २०२५ ला बेल्जियमसाठी पिरेलीनं सी१, सी३, सी४ (आकडा लहान तितकं रबर कडक) अशी मधली पायरी गाळून निवड केली, म्हणजे हार्ड मुद्दाम बराच मंद. त्या रविवारी पावसानं पाणी फिरवलं ही गोष्ट वेगळी, विचार बरोबर होता.

रिमोल्डवाले काका (वरुड)

२०२६ चं मी सांगतो. टायर अरुंद झाले, पुढचं २५ मिलिमीटरनं, मागचं ३० नं. रिम १८ इंचीच हाय. गाडीचं किमान वजन ८०० वरून ७६८ किलोवर आलं, म्हंजे टायरवरचा भार जरा उतरला. डीआरएस (मागच्या गाडीले पंख उघडायची सोय) गेलं. आता सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्यांचे पंख झोपतात, अन् समोरच्याच्या एका सेकंदाच्या आत असणाऱ्याले जादा विजेची मुभा भेटते. विजेची मोटर १२० किलोवॅटची होती, ते ३५० ची झाली.

टायरवाल्याच्या नजरेनं पाहा: मागचं टायर अरुंद, अन् त्याच्यावर विजेचा झटका तिप्पट. संथ वळणातून निघताना चाक फिरलं का मागचं रबर तापलंच समजा. म्हून पहिले जसे पुढचे टायर पाहत होते तसे आता मागचे पाहत जा. ऑनबोर्ड कॅमेऱ्यात वळणातून निघताना ड्रायव्हर स्टिअरिंग उलटं झटकून रायला असन, तं मागचं तापलं. स्टिअरिंग जास्त वळवूनही गाडी बाहेरच्या बाजूले सरकून रायली असन, अन् टायरच्या खांद्यावर खरखरीत फिकट पट्टा दिसत असन, तं पुढच्याले ग्रेनिंग. मास्तरच्या वहीत वेळ दोन्हीकडं सारखाच वाढलेला दिसन. पण ग्रेनिंगवाला पाच-सहा लॅपनं परत येऊ शकते, तापलेल्याले मोकळी हवा भेटल्याशिवाय आराम नाही.

जुना प्रेक्षक (आर्वी)

म्हणजे वजनाचा फरक काढला आणि बॅटरीचा आणला. मास्तर, तुमच्या सूत्रात आता बॅटरी कुठं बसवणार?

गणितमास्तर (रिसोड)

घ मध्ये बसत नाही. ज्या लॅपला ड्रायव्हर वीज साठवतो तो लॅप मंद दिसतो, पुढचा जलद, टायरचा त्यात काही दोष नसतो. सध्या मी तीन-तीन लॅपची सरासरी धरून वाढ काढतो. एकेका लॅपवरून काढली तर आकडा नाचतो. पिटचा तोटा शर्यत सुरू व्हायच्या आधीच वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, तो प्रत्येक ट्रॅकला वेगळा असतो आणि बहुतेक वेळा समालोचक पहिल्या दहा लॅपमध्ये सांगून टाकतात.